टीव्ही दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आधी पॅनल बघा

सोलापुरात टीव्ही बंद पडायचे दोन हंगाम. एक मे महिन्यातला, वळवाचा. दिवसभर चाळिशीच्या वर भाजून निघाल्यावर संध्याकाळी वारं सुटतं, वीज कडाडते, लाईट जाते, परत येते आणि टीव्ही मात्र येत नाही. दुसरा हंगाम ऐन मॅचचा, त्याला महिना लागत नाही. मग घरात वाद ठरलेला. एकजण म्हणतो, "सात वर्षं झाली की, आता नवाच घेऊ." दुसरा म्हणतो, "पाचशे रुपयांत होईल, मेकॅनिकला बोलवा." दोघंही अंदाजानं बोलत असतात.

टीव्हीचं वय नंतर बघायचं. आधी हे कळायला हवं की आत नेमकं काय गेलंय. एलईडी टीव्हीत फार गोष्टी नसतात. पुढं पॅनल, त्यामागं उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्ट्या, एक पॉवर सप्लाय, एक मदरबोर्ड आणि पॅनलला चित्र पुरवणारा छोटा टी-कॉन बोर्ड. कित्येक मॉडेलांत टी-कॉन वेगळा नसतो, मदरबोर्डवरच असतो. यातलं पॅनल सोडून बाकी सगळं झेपेल अशा पैशात दुरुस्त होतं किंवा बदलता येतं. टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा पॅनलचा असतो. म्हणून पॅनल शाबूत असेल तर सात वर्षांचा टीव्हीही दुरुस्तीला लायक, आणि पॅनल फुटलं असेल तर दोन वर्षांचाही नाही. पॅनल कसं आहे याचा बराचसा अंदाज स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता घरीच येतो.

पायरी १ : दोष टीव्हीचाच आहे ना?

आधी प्लग दुसऱ्या बोर्डात लावून बघा. स्पाइक गार्ड मध्ये असेल तर तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. रिमोटवर विसंबू नका. टीव्हीच्या खालच्या कडेला किंवा मागं एक बटण असतं, ते दाबा. स्मार्ट टीव्ही असेल तर प्लग काढून तेच बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच मिनिटं थांबा आणि मग परत लावा. अडकलेलं सॉफ्टवेअर एवढ्यानं सुटलं तर मेकॅनिकची फेरी वाचली.

नंतर मेन्यूची परीक्षा. आपल्या शहरात केबल डिजिटल झाली ती दुसऱ्या टप्प्यात. त्या ३८ शहरांच्या यादीत सोलापूर होतं आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून टीव्ही आणि केबल यांच्या मध्ये सेट-टॉप बॉक्स येऊन बसलाय, आणि पुष्कळदा बॉक्सचं दुखणं टीव्हीच्या माथी मारलं जातं. चित्र खराब येतंय, रंग उडालेत, चौकोन चौकोन दिसतात, अशी तक्रार असेल तर टीव्हीच्या रिमोटनं टीव्हीचाच सेटिंगचा मेन्यू उघडा. मेन्यूची अक्षरं स्वच्छ आणि मागचं चित्र तेवढं बिघडलेलं, तर टीव्ही ठीक आहे. वायर बदला, दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावा, केबलवाल्याला फोन करा. मेन्यूवरूनही रेघ जात असेल तर मात्र दोष टीव्हीच्या पोटात आहे.

पायरी २ : लाल दिवा, आवाज आणि टॉर्च

इथं घाई करू नका. या पंधरा मिनिटांवर पुढचा सगळा खर्च ठरतो.

*लाल दिवाच लागत नाही.* टीव्ही पूर्ण मेल्यासारखा. दिसायला हे सगळ्यात भयंकर आणि खर्चाला बहुधा सगळ्यात स्वस्त. बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा दोष असतो. आपल्याकडं याचं नेहमीचं एक कारण म्हणजे न्यूट्रल तुटणं. खांबावरची न्यूट्रल तार सुटली की एक फेजवर चालणाऱ्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. त्या वेळी टीव्हीतून फट्ट असा आवाज आला असेल तर घाबरू नका. पॉवर बोर्डवर गोळीच्या आकाराचा एक व्हॅरिस्टर बसवलेला असतो. दाब वाढला की त्यानं स्वतः फुटायचं आणि फ्यूज उडवायचा, हेच त्याचं काम. पुढचं सर्किट वाचलं असेल तर दुरुस्ती किरकोळ असते. पॉवर बोर्डवरचा दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे फुगलेला कॅपॅसिटर. त्याचं डोकं सपाट असायला हवं, ते पुरीसारखं वर आलेलं दिसतं. तापमान १० अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानानं निम्म्यावर येतं. मावळतीच्या तापलेल्या भिंतीला चिकटवलेला टीव्ही आपल्या उन्हाळ्यात लवकर का जातो, ते यावरून कळेल. तिसरा गुन्हेगार पाल. उबेला आत शिरते, बोर्डवर दोन टोकांना चिकटते आणि स्वतःबरोबर टीव्हीही घेऊन जाते.

*लाल दिवा लागतो किंवा लुकलुकतो, पण टीव्ही चालू होत नाही.* पॉवर सप्लाय, मदरबोर्ड किंवा बॅकलाइट, तिघांपैकी कुणीही असू शकतं. कित्येक कंपन्यांच्या टीव्हीत दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोष कुठं आहे ते सांगतो. किती वेळा लुकलुकतो आणि मध्ये थांबतो का, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. मेकॅनिकला त्याचा उपयोग होतो.

*आवाज येतो, चित्र नाही.* आता टॉर्च घ्या. खोलीत अंधार करा, पडदे ओढा. टीव्ही चालू करून सगळं पांढरं दिसेल असं चॅनल किंवा सरळ मेन्यू लावा. मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा आणि हळूहळू फिरवा. काळ्या पडद्यात खोलवर मेन्यूची अक्षरं, एखादा चेहरा पुसट हलताना दिसला, तर पॅनल चित्र दाखवतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. म्हणजे बॅकलाइटची पट्टी. पट्टीवरचे एलईडी एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळं एक मणी जरी तुटला तरी सगळी रांग अंधारात जाते. हा दोष टीव्ही पाच-सहा वर्षांचा झाला की बऱ्याचदा येतो, आणि तो दुरुस्त करून घेण्यासारखा आहे. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर मदरबोर्ड किंवा टी-कॉनकडं बघावं लागेल.

पडद्यावर टिकलीएवढे गोल पांढरे डाग पडले असतील तर तेही पट्टीचंच दुखणं. मण्यावरचं प्लॅस्टिकचं भिंग निसटून खाली पडलेलं असतं. सगळं चित्र निळसर-जांभळं झालं असेल तर मण्यांवरचा पिवळा थर उडालाय. दोन्ही ठिकाणी पॅनल ठीक असतं.

*कंपनीचं नाव येतं आणि तिथंच अडकतं, किंवा टीव्ही आपोआप बंद-चालू होतो.* सॉफ्टवेअर किंवा मदरबोर्डवरची मेमरी. सॉफ्टवेअर परत टाकून भागलं तर स्वस्तात सुटलात.

*उभ्या रेघा, अर्धा पडदा काळा, चित्र डबल किंवा निगेटिव्हसारखं.* इथं जरा अडतं. टी-कॉनचा दोष असेल तर हजार-दीड हजारात काम होतं. पण एकच पातळ उभी रेघ, रोज त्याच जागी, किंवा एका बाजूची पट्टीच्या पट्टी गायब, असं असेल तर पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या चिप्सच्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता जास्त. त्या परत चिकटवण्याला बाजारात बाँडिंग म्हणतात. ते मशीनवर करावं लागतं. एक रेघ असेल आणि बघायला फार त्रास होत नसेल तर माझं मत साफ आहे: एक पैसाही न घालता तसाच वापरा, रेघा वाढल्या की मग बघू.

*शाई सांडल्यासारखा डाग, कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर.* पॅनल फुटलं. काच वरून गुळगुळीत लागत असली तरी आतला थर फुटलेला असतो. पोरांचा बॉल, फडक्यानं जोर लावून पुसणं, उदबत्तीच्या घराचा धक्का, काहीही कारण असो, इथं चर्चा संपली. थेट शेवटच्या दोन पायऱ्यांवर जा.

पायरी ३ : मेकॅनिकला काय सांगायचं, काय विचारायचं

सगळ्यात आधी बिल शोधा. वॉरंटी एक वर्षाची असली तरी घेताना दुकानदारानं एक्स्टेंडेड वॉरंटी जोडलेली असते आणि घरात कुणाच्या लक्षातही नसते, हप्त्यावर घेतलेल्या टीव्हीत तर विशेषच. वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाला मागचं झाकण उघडू देऊ नका.

वॉरंटी संपली असेल तर दोन वाटा: कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा पेठेतला, ओळखीचा मेकॅनिक. सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलतं, म्हणून आकडा मोठा येतो. पण मिळतो तो बोर्ड मूळचा. पेठेतला मेकॅनिक त्याच बोर्डवरचा चाळीस रुपयांचा भाग बदलून टीव्ही चालू करून देऊ शकतो. पॉवर सप्लाय आणि पट्टी यासाठी मी पेठेतल्या माणसाकडं जाईन. महागड्या, मोठ्या टीव्हीच्या मदरबोर्डसाठी आधी कंपनीला विचारीन.

फोनवर "टीव्ही बंद पडलाय" एवढंच सांगू नका. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि पायरी २ मध्ये काय दिसलं ते सांगा. "लाल दिवा लागतो, आवाज येतो, टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसतं," असं म्हटलं की समोरचा सरळ मुद्द्यावर येतो: "काकू, पट्टी गेलीय. पॅनल ओके आहे." येताना तो योग्य पट्टीही घेऊन येतो आणि व्हिजिटचे पैसे दोनदा द्यावे लागत नाहीत.

आता त्याला विचारायचं.

पट्टीचं काम असेल तर: "एक मणी बदलणार की सगळा सेट?" सगळा सेट बदलून घ्या. एक मणी गेला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही रांगेत उभे आहेत. पट्टी बदलायला पॅनल सुटं करून बाजूला ठेवावं लागतं आणि खरी जोखीम त्यातच आहे, कारण कागदासारखं पातळ पॅनल हाताळताना फुटू शकतं. म्हणून पुढचा प्रश्न, काम सुरू होण्याआधी: "उघडताना पॅनल फुटलं तर जबाबदारी कुणाची?" उत्तर ऐकताना त्याचा चेहरा बघा. जो अनुभवी आहे तो उडवाउडवी करत नाही, काम दुकानात टेबलावर करू म्हणतो.

मदरबोर्डचं काम असेल तर: "ओरिजिनल टाकणार की युनिव्हर्सल?" युनिव्हर्सल बोर्ड म्हणजे कुठल्याही पॅनलला जोडता येणारा बाजारी बोर्ड. स्वस्त पडतो, टीव्ही चालतोही, पण रिमोट बदलतो, मूळचं स्मार्टपण जातं, रंग आणि आवाजही पहिल्यासारखे राहतीलच असं नाही. दुकानात किंवा पाहुण्यांच्या खोलीत असलेल्या टीव्हीला चालेल. हॉलमधल्या ४३ इंचीला बसवायचा तर आधी त्याच बोर्डवर चाललेला एखादा टीव्ही बघून घ्या.

बाँडिंगचं काम असेल तर हमी किती दिवसांची ते विचारा. लेखी हमी मिळत नसेल तर करू नका.

काढलेला जुना भाग परत मागा, साध्या कागदावर का होईना बिल घ्या आणि त्यावर तीन महिन्यांची हमी लिहून घ्या. कंपनीकडून सुटा भाग मिळत नसेल, किंवा वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी चालली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी खुली करावी म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू केलंय.

पायरी ४ : आकडेमोड

पुढचे आकडे ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणं वरखाली होतील. ३२ इंची टीव्हीच्या पॉवर सप्लायची दुरुस्ती पाचशे ते दीड हजार. पट्टीचा सेट मजुरीसह दीड ते अडीच हजार. मदरबोर्ड दोन ते चार हजार. पॅनल? नव्या टीव्हीच्या निम्म्याच्या पुढंच.

याच्याशी तुलना कशाची करायची, इथं लोक चुकतात. सात वर्षांपूर्वी टीव्ही २२ हजारांना घेतला होता म्हणून चार हजारांची दुरुस्ती स्वस्त वाटते. पण तेव्हा काय दिलं हे विसरा. आज तेवढ्याच इंचांचा, तेवढ्याच कामाचा नवा टीव्ही कितीला पडतो तेवढंच बघा. ३२ इंचाहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळं दोन-तीन वर्षांपूर्वीचे भाव डोक्यात धरून हिशोब करू नका.

आता वयाचा नंबर. टीव्ही पाच वर्षांच्या आतला असेल तर नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंतची दुरुस्ती मी करून घेईन. पाच ते आठ वर्षांचा असेल तर एक तृतीयांशापर्यंत. त्याहून जुना असेल तर फक्त पॉवर सप्लाय किंवा पट्टी, तीही एकदाच. वर्षभरात दुसऱ्यांदा दुकानात गेला तर मागच्या दुरुस्तीचे पैसेही या वेळच्या खर्चात मिळवा आणि मग बघा.

उदाहरण घ्या. सहा वर्षांचा ३२ इंची, पट्टी गेलेली, खर्च दोन हजार. तसाच नवा अकरा हजारांना मिळतो असं धरू. दोन हजार म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. डोळे झाकून दुरुस्त करा, आणि झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा, नवी पट्टी जास्त टिकेल. हाच टीव्ही बाँडिंगला पाच हजार मागत असेल तर राहू द्या.

वीजबिल वाचेल म्हणून नवा घ्यावा का? एलईडीवरून एलईडीवर जाताना त्याच आकारात फार काही वाचत नाही. उलट ३२ वरून ५५ इंचावर उडी मारली तर बिल वाढतंच.

टीव्ही चांगला आहे, नुसता हळू झालाय?

हा बिघाडच नाही. जुन्या स्मार्ट टीव्हीत मेमरी कमी असते, ॲप मोठी होत जातात आणि काही ॲप जुन्या मॉडेलवर चालणंच बंद होतं. पॅनल झकास असताना एवढ्यासाठी पंचवीस हजार घालू नका. तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावा. एचडीएमआय पोर्ट असलेला साधा टीव्हीसुद्धा यानं स्मार्ट होतो.

आणि तो जुना डबा टीव्ही

पाठीमागं पोट असलेला, पिक्चर ट्यूबचा. विडी घरकुलात म्हणा, अक्कलकोट रोडला म्हणा, अजून चालू असलेले सापडतील, सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायर लावून. चालतोय तोवर चालू द्या, पण त्यावर पैसे घालू नका. २१ इंची डबा ८०-१०० वॉट खातो, ३२ इंची एलईडी ३५ ते ५० वॉटमध्ये भागवतो. रोज पाच तास लावला तर वर्षाला साधारण ९० युनिटांचा फरक पडतो. आणि एक ताकीद: याचं झाकण घरी कधीही उघडू नका. ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही तो दाब ट्यूबमध्ये साठून राहतो.

पायरी ५ : नवाच घ्यायचा ठरला तर

नवी पेठेत घ्या, मोठ्या शोरूममध्ये घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पण पैसे देण्याआधी एक गोष्ट पक्की करा: त्या कंपनीची सर्व्हिस सोलापुरात आहे की पुण्याहून माणूस यायची वाट बघायची? अडीचशे किलोमीटरवरून येणारा माणूस "उद्या" म्हणतो आणि तो उद्या पुढच्या आठवड्यात उजाडतो. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन करून आपला पिनकोड सांगा. अनोळखी ब्रँडचा दोन हजारांनी स्वस्त टीव्ही घेतला आणि त्याची पट्टीच बाजारात मिळाली नाही, तर ती बचत कुठल्या कुठं जाते.

एचडीएमआय पोर्ट किमान दोन-तीन हवेत. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं, तेही वाचा.

घरी आणताना किंवा दुरुस्तीला नेताना टीव्ही कायम उभा. स्कूटरवर मागं बसलेला माणूस चादरीत गुंडाळलेला टीव्ही छातीशी आवळून धरतो, अंगठे नेमके पडद्याच्या कडेवर, आणि खड्डा आला की पकड घट्ट होते. पॅनल घरी पोचायच्या आत संपलेलं असतं. दोनशे रुपये रिक्षाला द्या.

बसवताना मावळतीची भिंत टाळा, मागं हवा खेळायला जागा सोडा. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर मागच्या जाळीवर सुताची धूळ बसते. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशनं ती झाडा. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि केबलची वायरही काढा. गच्च्यांवरून लोंबत आलेल्या त्या वायरीतून झटका बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयमध्ये आणि तिथून मदरबोर्डमध्ये जातो. प्लग काढलेला असतानाही टीव्ही जळाला, असं सांगणाऱ्यांच्या घरी बहुधा हेच झालेलं असतं.

जुन्याचं काय करायचं?

एक्स्चेंजमध्ये बंद टीव्हीला फारसं काही मिळत नाही. त्यामुळं दुकानात देण्याआधी मेकॅनिकला विचारा. पॅनल फुटलेल्या टीव्हीचा चालू मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्याच्या कामाचा असतो, तो दुकानापेक्षा चार पैसे जास्तही देईल. पट्टी गेलेल्या टीव्हीचं चांगलं पॅनल तर त्याला हवंच असतं. स्मार्ट टीव्ही चालू स्थितीत देत असाल तर आधी फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमची सगळी खाती नव्या मालकाच्या घरी उघडी राहतील.

कुणालाच नको असेल तर घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात टीव्ही येतो. जुनं यंत्र नीट विल्हेवाटीला लावायची जबाबदारी त्यात उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा कस्टमर केअरला ई-कचऱ्याबद्दल विचारा, जमा करायचं ठिकाण कळेल. डबा टीव्ही भंगारात देणार असाल तर ट्यूब दारातच फोडू देऊ नका. तांब्यासाठी ती अंगणात फोडायची सवय काहींना असते, आणि त्या काचेत शिसं असतं.